बोरकर निवास, सेक्टर १०

बोरकर काकांचं घर मी नकाशावरून पुसून टाकलं. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

मोबाईलच्या नकाशात एकही चूक राहू नये, हा काकांचा ध्यास. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून ते गल्लीबोळ हिंडून चहाच्या टपऱ्या, पिठाच्या चक्क्या नकाशात टाकत असतात. प्रत्येक जागेला तारे देतात. स्मशानघाटाला चार दिलेत. खाली शेरा, ‘सावली मस्त. एक तारा बंद नळासाठी कापला.’ सख्ख्या पुतणीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या, तेव्हा काका कोपऱ्यात उभे राहून मंगल कार्यालयाचं फाटक नकाशात योग्य बाजूला सरकवत होते. ‘नकाशा खोटं बोलला नाही पाहिजे,’ हे त्यांचं पालुपद.

आता, रिटायर झालं की कंपनीचं क्वार्टर सोडावंच लागतं. काका तिकडे रिसालीला स्वतःचं घर बांधून गेले आणि त्यांचं क्वार्टर मला मिळालं. पण नकाशावर माझ्या छपरावर अजून ‘बोरकर निवास’च. त्यांचे कुरियरवाले, चंद्रपूरचे पाहुणे, एकदा तर पूजेचे गुरुजीसुद्धा माझ्या दारात. म्हटलं, काकांचं तत्त्व काकांनाच लावू. ‘ही जागा आता इथे नाही’ असं कळवून टाकलं. चार दिवसांत नाव गेलं.

संध्याकाळी काका हजर.

“नाव काहून काढलं, भाऊ?”

“काका, नकाशा खोटं बोलत होता ना.”

“बोलू द्याचं होतं एखादं.” ते पायरीवरच टेकले. “माहा पोरगा भांडून गेला तवा आमी इथंच होतो. रिसालीचं घर त्याले मालूम नाही. फोन उचलत नाही. कधी त्याचं मन झालंच, तर तो हेच नाव शोधीन. म्हणून ठेवून राहिलो होतो.”

चहा घेऊन आलेली माझी बायको बोलली, “तो आला तर आधी जेवू घालीन, मग तुम्हाले बोलावीन.” आणि माझ्याकडे तिने असं पाहिलं, की मी निमूट फोन काढला. नाव पुन्हा लिहिलं, जाड अंगठ्याने नकाशावर जागा दाबली, आणि फोन काकांपुढे धरला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून मी लावलेली खूण पाहिली.

“तुमच्या भरवशावर आला असता,” ते म्हणाले, “तर पोरगा सीधा मागच्या नालीत गेला असता. आना इकडे.”