समसमान यकृत

यकृत पोटात उजवीकडे असते. पण बहुतेकांची त्याच्याशी पहिली भेट सोनोग्राफीच्या कागदावरच होते. निवृत्त ग्रंथपाल सिद्धाराम यांची भेट झाली तेव्हा त्यावर चरबी चढलेली होती. (दारू नाही. शेंगाचटणीवर तेल मात्र सढळ.) थोरला भाऊ याच दुखण्याने गेलेला, त्यामुळे त्यांची झोपच उडाली.

सोलापुरातल्या एका रुग्णालयात तेव्हा यावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होती. पद्धत उदात्त होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे रुग्णाला ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही. (इतर खात्यांत ही पद्धत चाचणीशिवायच चालते.)

सिद्धारामांसह तलावाकाठी फिरणारे चौघे चाचणीत सामील झाले. फिरून आल्यावर दोन चहा चौघांत घेण्याचा त्यांचा जुना शिरस्ता. गोळ्या मिळाल्यावर पहिल्याच सकाळी त्यांच्यातला यंत्रमागवाला अमरेश गरजला,

"सर, तुमाला खरी अन् मला खडू? ह्ये न्हाय चालायचं!"

"उलटही असेल," सिद्धाराम पुटपुटले.

"मग तर लईच वाईट की! चहागत करू. सगळ्या गोळ्या एका डब्यात."

"पण नियम..."

"नियम कागदाला, सर. यकृत आपलं हाय."

सिद्धारामांनी मान डोलावली. (त्यांनी आयुष्यात कोणाच्याच म्हणण्याला आडवी मान हलवलेली नाही.) ही न्यायबुद्धी रुग्णालयाच्या बाकाबाकावरून पसरली आणि महिन्याभरात चाचणीतल्या सगळ्यांनी डबे एक केले.

सर्वांची चरबी उतरली. सिद्धारामांना झोप लागू लागली. मग अहवाल आला: 'खरी गोळी व बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांना शंभर टक्के सारखाच फायदा. सबब औषध निरुपयोगी.' गोळी बंद झाली.

चरबी परतली. सिद्धाराम धीर करून डॉक्टरांकडे गेले आणि सारे सांगून मोकळे झाले.

"माहीत आहे, आजोबा," डॉक्टर प्रेमाने म्हणाले. "पण इतके एकसारखे निष्कर्ष देशात कुठेच आले नाहीत. आपल्या रुग्णालयाला पुरस्कार मिळालाय. आता बोलू नका."

सिद्धारामांनी मान डोलावली.

घरी पत्नी अंबुबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्याच होत्या. "शेजारच्या काकूंनी गोळ्यांची अर्धी पट्टी दिलीया. त्यांना लई फरक पडला म्हणं."

"कशावरची आहे?"

"ते कुटं इचारलं?"

सिद्धारामांनी गोळी गिळली. वाचकांनी त्यांना जरूर हसावे; मात्र त्याआधी आपल्या फ्रिजच्या दारातली, नाव फाटलेली ती पट्टी कोणी दिली होती आणि कशावरची, एवढे आठवून पाहावे.