हिरूदादांचे सील

पंधरा नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मी अंगणात दात घासत उभा असताना एक गृहस्थ फाटकातून आत आले. त्यांनी माझ्या विहिरीत माझीच बादली सोडली, खिशातून तांब्याचे फुलपात्र काढून ते भरले, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "सील शाबूत हाय." नंतर ते निघून गेले. माझ्या तोंडात फेस असल्यामुळे मला हरकत नोंदवता आली नाही.

हे हिराजी राऊत. आळीत त्यांना हिरूदादा म्हणतात. आमची आळी काशीदच्या अलीकडे, डांबरी रस्ता आणि समुद्र यांच्या मध्ये आहे. प्रत्येक घरामागे नारळी-पोफळीची वाडी, प्रत्येक वाडीत विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या विहिरींचे पाणी गोड आहे. त्याचे हिरूदादांनी दिलेले स्पष्टीकरण माझ्या वाचनातील कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा आटोपशीर आहे. "वर गोड, खाली खारं. मधी सील."

सील हा त्यांच्या आयुष्यातला मुख्य शब्द. न्हावा शेवा बंदरात त्यांची सारी नोकरी कंटेनरची सिले तपासण्यात गेली. आत काय माल आहे, याच्याशी त्यांना कधी कर्तव्य नव्हते. सील धरायचे, दोनदा ओढायचे, शाबूत असेल तर पुढे सोडायचे. निवृत्तीनंतरही हा हात थांबला नाही. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, लग्नाच्या आहेराचे पाकीट, काहीही हाती आले की ते प्रथम दोनदा ओढून पाहतात. आळीतल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा हिरूदादांनी नवऱ्या मुलाचे मनगटी घड्याळ दोनदा ओढले होते. लग्न जमले. घड्याळाचा पट्टा बदलावा लागला.

त्या दिवशी ते माझ्या विहिरीवर का आले, याला कारण होते. आदल्या दिवशी आळीच्या तोंडाशी एक फलक लागला. तिथली वाडी विकली गेली असून तिच्या जागी सात मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहणार, असे त्यावर लिहिले होते. फलकावरचा समुद्र निळा होता. आमचा राखाडी आहे. सर्व सदनिकांना कूपनलिकांचे पाणी मिळणार, हे मात्र बारीक अक्षरात होते. हिरूदादांनी तेवढेच वाचले.

"सात मजले खालून पानी ओढनार," ते म्हणाले. "सील तुटनार. आधी पोफळी मरतील, मंग माड, मंग आपन. नंबर लागलेला हाय."

आळीने विरोध समिती स्थापन केली. मी तालुक्याच्या न्यायालयात शिरस्तेदार होतो, म्हणजे न्यायाधीशांसमोरचे कागद सांभाळणारा, म्हणून मला चिटणीस नेमण्यात आले. हिरूदादांना कोणी काही नेमले नाही. त्यांनी स्वतःला नेमले. रोज सकाळी फुलपात्र घेऊन ते आळीतल्या प्रत्येक विहिरीचे पाणी चाखू लागले.

मला आगंतुकांचे येणे पसंत नाही. मी बाजारातून कडी आणून फाटकाला आतून बसवली. त्याचा परिणाम एवढाच झाला की हिरूदादा फाटक दोनदा ओढून पाहत आणि मी कडी काढीपर्यंत बाहेरून शेजारच्या विहिरीचा निकाल मोठ्याने ऐकवत. माझ्या पत्नीने माझ्याहून व्यवहारी मार्ग काढला. ती पाणी आधीच शेंदून विहिरीच्या कठड्यावर एक भांडे भरून ठेवू लागली. मुक्काम आटोपता व्हावा, हा हेतू. हिरूदादांनी तो आदरातिथ्य म्हणून स्वीकारला.

"वयनी, काल घोळ माशाचं कालवन होतं ना?"

"तुम्हांला कसं कळलं, दादा?"

"मांजर तुमच्या ओट्यावरून उठत न्हाय."

एवढे बोलून, घोट घेऊन, सील शाबूत असल्याचे जाहीर करून ते पुढच्या घरी जात.

ग्रामसभेत कंपनीचे एक तरुण अधिकारी आले. इस्त्रीचा सदरा, नम्र बोलणे. त्यांनी पडद्यावर पोहण्याचा तलाव दाखवला.

हिरूदादा उठले. "सायेब, समुद्र त्या भिंतीपलीकडं हाय. त्याला सोडून हितं खड्डा कशाला?"

"काका, तो गोड्या पाण्याचा स्विमिंग पूल आहे."

"म्हंजे आमच्या प्यायच्या पान्यात पाव्हने पाय धुनार."

सभा हसली. हसली नाही ती बेबी, बाजारात मासळी विकणारी आमची शेजारीण. ती म्हणाली, "दादा, तुमी हसवा सगल्यांना. माजा पोरगा लग्नाचा झाला. एका खोलीत आमी पाच मानसं. बिल्डिंग झाली तर एक खोली मिलंल का, ते कोन इचारनार?"

हिरूदादा खाली बसले. काही वेळाने पुन्हा उठले आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "हिच्यासाठी दोन मजले बांधा. मी विटा वाहतो. बोला."

अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिले. बहुधा विटांचे नसावे.

शेवटी असे ठरले की कंपनीने त्या वाडीत चाचणीची एक कूपनलिका खोदावी, पंप आठवडाभर चालवावा आणि नंतर तहसील कार्यालयातील अधिकाऱ्यांसमोर आळीच्या विहिरी तपासाव्यात. पाणी गोड राहिले, तर आमच्या हरकतीत अर्थ उरणार नव्हता. खारे झाले, तर कंपनीच्या परवानगीत उरणार नव्हता. समितीत सर्वांचा भरवसा एका गोष्टीवर होता, हिरूदादांच्या जिभेवर.

पंप सुरू असताना एका सकाळी माझ्या पत्नीने बरणीतून खारातल्या कैऱ्या काढल्या. उरलेला खार तिने एका भांड्यात ओतला आणि धुण्यासाठी बरणी व ते भांडे विहिरीवर नेऊन ठेवले. ती राख आणायला आत वळली, तेवढ्यात हिरूदादा आले. कठड्यावर भरलेले भांडे होते. त्यांनी ते उचलून फुलपात्रात ओतले आणि मोठा घोट घेतला. मी पाहत होतो. उन्हाळ्यापासून मुरलेला तो खार होता. त्याने बैलाचेही डोळे पांढरे झाले असते.

हिरूदादांनी डोळे मिटले. "सील शाबूत," ते म्हणाले. "कालच्यापरीस गोड."

ते गेले. पत्नी राख घेऊन परतली आणि रिकाम्या भांड्याकडे पाहू लागली. मी तिला सांगितले की खार मी ओतून टाकला.

त्याच दिवशी मी समितीत मांडले की जिभेची साक्ष कोणी ग्राह्य धरणार नाही. बाटल्यांत नमुने घ्यावेत, त्यांना सील करावे आणि शासकीय प्रयोगशाळेत पाठवावे. सील अर्थात हिरूदादांनी करावे. नमुन्यासाठी कूपनलिकेजवळच्या चार विहिरी निवडल्या. सर्वांत जवळची हिरूदादांचीच होती, पण ती त्यांनी वगळायला लावली. "माजी रोज सकाळी पहिली चाखतो. एक नंबर गोड हाय. बाटली फुकट घालवू नका."

तपासणीच्या सकाळी सगळी आळी जमली. हिरूदादांनी चार बाटल्या लाखेने बंद केल्या आणि प्रत्येक बूच दोनदा ओढून पाहिले. काम उत्तम झाले होते. एवढ्यात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांनी दोन पेले पुढे केले. एकात विहिरीचे पाणी होते, दुसऱ्यात कूपनलिकेचे.

"काका, गावात तुमच्या जिभेचं फार नाव आहे. चाखून सांगा ना कुठलं कुठलं."

लोक उत्साहाने पुढे सरकले. हिरूदादांनी पेला घेतला. तो दोनदा ओढून पाहिला, पण तोंडाला लावला नाही.

मी मध्ये उभा राहिलो. "हरकत आहे," मी म्हणालो. "ज्याने मुद्देमालास सील केले, त्याने तो सेवन करू नये. तसे केल्यास चारही नमुने बाद ठरतील."

असा नियम कोठेही नाही. परंतु तो मी न्यायालयातल्या आवाजात सांगितला होता. तहसीलच्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि पेले मागे गेले. मंडळी चहासाठी ग्रामपंचायतीकडे वळली. हिरूदादा वळले नाहीत. ते आपल्या घराकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो.

त्यांच्या घरी जाण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. ओटीवर एकच खुर्ची होती. ती मला देऊन ते विहिरीच्या कठड्यावर बसले.

"शिरस्तेदार, कवापासून म्हाईत हाय?"

"कैऱ्या काढल्या त्या दिवसापासून."

"तरीच वयनी भांड्याकडं बघत व्हत्या. मी कुंपनाआडून बघितलं." ते थोडे हसले. "ही गेली ना, त्या तापात मी पन व्हतो. ती गेली, माजी जीभ गेली. भात काय, बोंबील काय, सगलं सारखं."

"मग रोज चाखता कशाला?"

त्यांनी फुलपात्र उलटसुलट केले. "रिकाम्या हातानं रोज कोनाच्या घरी जानार? लोक इचारतात, काय काम काढलं. हे हातात असलं की फाटक उघडतात."

मी उठलो, त्यांच्या विहिरीतून बादलीभर पाणी शेंदले, त्यांच्या हातून फुलपात्र घेतले आणि घोट घेतला. पाणी मचूळ होते. नंतर जिभेच्या कडांना खारट लागले. मी खात्रीसाठी दुसरा घोट घेतला.

"हिरूदादा, सील तुटले आहे."

ते उभे राहिले. विहिरीत वाकून पाहू लागले, जणू ते दिसणार होते.

"कवा तुटलं?"

"ते सांगता येणार नाही. इथे दुसरे कोणी कधी आलेच नाही."

ते सरळ झाले. मग त्यांनी डोळे पुसले, धोतराच्या सोग्याने फुलपात्र पुसले आणि म्हणाले, "बाटली आना. लाख हाय ना अजून?"

पाचवी बाटली अधिकाऱ्यांची गाडी निघण्यापूर्वी पोहोचली. तिचे बूच त्यांनी तीनदा ओढले. तहसीलच्या अधिकाऱ्यांनी ती घेतली, स्वतः थेंबभर चाखली, तोंड वाकडे केले आणि अहवाल येईपर्यंत पंप बंद ठेवण्यास सांगितले. अहवाल अद्याप आलेला नाही. फलकही अद्याप जागेवर आहे.

परत येताना हिरूदादांनी विचारले, "आता सकाळचं कसं करायचं?"

"तुम्ही पाणी काढा. मी चाखतो. निकाल तुम्ही सांगा."

"सगल्या विहिरी?"

"सगळ्या. तुमच्यापासून सुरुवात."

संध्याकाळी मी माझ्या विहिरीच्या पाण्याच्या दोन कळश्या त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवल्या. घरी आल्यावर पेचकस शोधला, फाटकाची आतली कडी काढली, आणि स्क्रू एका डबीत घालून डबी फळीवर ठेवली.