सदर अवयव आणि आहार : एक अभ्यास

कोणताही आजार मुळापासून समजून घ्यायचा असेल तर आधी समिती नेमावी लागते. आजार कोणासाठी थांबत नाही, पण समितीची सभा गणसंख्येसाठी अर्धा तास थांबते.

'आहार, जीवनशैली आणि महिलांमधील कर्करोग' या विषयावर नाशिक जिल्ह्यात अभ्यास करण्यासाठी आमच्या गोदातीर संशोधन मंडळाने अशीच एक समिती नेमली. अकरा सदस्य, सगळे अनुभवी, सगळे पुरुष. महिला प्रतिनिधित्वाचा मुद्दा आम्ही गांभीर्याने घेतला आणि इतिवृत्त लिहायला एक बाई ठेवल्या. मी समितीचा सचिव.

पहिल्या तीन सभा शब्द ठरवण्यात गेल्या. ज्या अवयवाचा हा कर्करोग, त्याचं नाव प्रश्नावलीत छापायचं कसं? प्रश्नावली घरोघर जाणार, घरात वडीलधारी माणसं असतात. एकाने 'छाती' सुचवलं, पण छाती पुरुषांनाही असते आणि ते ती पुढे काढून चालतात, असा आक्षेप आला. शेवटी 'सदर अवयव' यावर एकमत झालं. (आधी कुठेच उल्लेख नसलेल्या गोष्टीला 'सदर' म्हणता येतं का, अशी शंका बाईंनी काढली. ती इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त लिहायचं सोडून त्या बोलत होत्या.)

प्रश्नावलीत १८६ प्रश्न होते. आठवड्यातून किती वेळा मिसळ खाता? तर्री वेगळी मागता का? मद्यपानाचा प्रश्न वगळला, कारण आपल्या बायका पीत नाहीत आणि आमचे मुख्य देणगीदार द्राक्ष बागायतदार आहेत. 'सदर अवयवात काही बदल जाणवतो का?' हा प्रश्नही कोणीतरी सुचवला होता. पण अभ्यास आहाराचा होता, आणि असं काही विचारलं की बायका उगाच काळजी करतात. काळजी ही जीवनशैली या सदरात येते आणि आकडे बिघडवते. तरीही कुणाला काही सांगायचंच असेल तर शेवटी 'इतर' म्हणून दोन ओळी ठेवल्या होत्या.

बाराशे महिलांची माहिती गोळा झाली. पहिला निष्कर्ष सुखद होता: जिल्ह्यातल्या महिला उत्तम जेवतात. तो कसा निघाला हे कळावं म्हणून सायखेड्याच्या रंगूबाईंचं उदाहरण देतो. तिथे आमच्या नाशिक रोडच्या सर्वेक्षक प्रतिभाताई स्कूटरवरून गेल्या होत्या. रंगूबाई, वय शेहेचाळीस, पडवीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. नवरा बहिरू खाटेवर बसून उत्तरं देत होता.

"जेवणात काय असतं?"

"भाकर, मेथी, दूध. आमच्यात खान्यापिन्याची काय कमी नाय."

"रंगूबाई, तुम्ही काय खाता?"

"तेच की. समद्यांचं झाल्यावर जे ऱ्हाईल ते."

'जे राहील ते' असा रकाना नव्हता. प्रतिभाताईंनी भाकरी, मेथी, दूध, तिन्हींवर खूण केली. बाराशे घरांत हेच झालं. आम्ही प्रत्येक बाईला ती काय खाते हे विचारलं आणि प्रत्येकीने ती काय रांधते हे सांगितलं.

चौऱ्याण्णवाव्या प्रश्नाला बहिरू विहिरीवरची मोटार बंद करायला उठला. रंगूबाईंनी जुडी खाली ठेवली.

"ताई, तुमच्या कागदावर हे बसतं का बघा. हितं हाताला गाठ लागती. हरभऱ्याएवढी हाय. दुखत नाय."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. ह्यांना नाय सांगितलं. काय म्हनून सांगू?"

प्रतिभाताईंनी 'इतर' मध्ये लिहिलं: 'हरभऱ्याएवढी गाठ, दुखत नाही.' आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "सर, त्यांना दवाखान्यात न्यायला हवं."

"तुम्ही लिहिलंत ना?" मी म्हणालो. "मग ते योग्य ठिकाणी पोचलं."

शिवाय मध्येच उपचार सुरू झाले तर बाईचा आहार बदलणार, मग आमच्या माहितीला अर्थ काय राहणार? हे मी त्यांना शांतपणे समजावलं. त्यांना ते पटलं नाही, म्हणून त्यांची देवळा तालुक्यात नेमणूक केली. तिथे कांद्याविषयी बरीच माहिती घ्यायची होती.

'इतर' या दोन ओळी एकूण सतरा जणींनी वापरल्या. बाराशेत सतरा म्हणजे नगण्य, तरी आम्ही त्या वाया घालवल्या नाहीत. अभ्यास आहाराचा असल्यामुळे, या ओळींमधले खाद्यपदार्थ तेवढे उचलायचे, अशी लेखी सूचना मी संगणक विभागाला दिली होती. त्यांनी ती तंतोतंत पाळली. हरभरा सहा, लिंबू चार, बोर चार, आवळा दोन, द्राक्ष एक. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हे पदार्थ असलेल्या सतरा जणींपैकी एकीच्याही फॉर्मवर आजाराची खूण नव्हती. (तसा रकाना नव्हता.) यावरून हे पाच पदार्थ सदर अवयवाचं रक्षण करतात, हे उघड झालं. आम्ही त्यांचं रंगीत पत्रक काढलं. द्राक्ष एकच होतं, तरी देणगीदारांच्या भावना लक्षात घेऊन ते सगळ्यात वर छापलं.

आठ महिन्यांनी प्रकाशन समारंभ झाला. देवळ्याहून प्रतिभाताई आल्या होत्या. अध्यक्षांनी पत्रक उंच धरलं, टाळ्या झाल्या, आणि त्या उभ्या राहिल्या.

"सर, हा हरभरा कुठून आला?"

"क्षेत्रीय माहितीतून," मी म्हणालो.

"तो खाल्लेला नाही, सर. ती गाठ आहे. मी लिहिली होती."

शंका लेखी द्याव्यात, असं अध्यक्ष म्हणाले. लेखी देण्याऐवजी प्रतिभाताई कार्यालयात गेल्या आणि जावक नोंद न करता सतराही फॉर्म घेऊन निघाल्या. नऊ दिवसांत त्यांनी सतरा जणींना स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. चौदा जणींच्या गाठी साध्या निघाल्या. तिघींच्या नाही. त्या तिघींत रंगूबाई होत्या.

मी दवाखान्यात गेलो तो फॉर्म परत मिळवायला. रंगूबाई बाकावर बसून डबा खात होत्या. बहिरू बाजूला पाण्याची बाटली धरून उभा होता, तो अजून जेवायचा होता. जीवनशैलीतला हा बदल नोंदवायला माझ्याकडे रकाना नव्हता.

"साहेब, आता लिंबाएवढी झालीया," रंगूबाई म्हणाल्या. "डाक्टर म्हनत्यात, लय उशीर केला. म्या कुठं केला? हरभऱ्याएवढी व्हती तवाच सांगितलं. तुमच्याच कागदावर हाय."

"हो, आहे," मी म्हणालो. मला लाज वाटली. हे वाक्य अहवालात घेता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

प्रतिभाताईंना कारणे दाखवा नोटीस गेली आहे. उत्तरादाखल त्यांनी पत्रकाच्या मागे छापायला दोन ओळी पाठवल्या: हाताने तपासत जा, गाठ लागली तर दुखत नसली तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. मजकुराला समितीची हरकत नव्हती. पण त्यांनी त्या अवयवाचं नाव सरळ लिहिलं होतं. त्यामुळे मागची बाजू कोरी राहिली. पुढची बाजू मात्र घरोघरी फोनवर पोचली आहे. द्राक्ष, हरभरा, लिंबू. तुम्हालाही आली असेल, आणि तुम्ही ती चार जणांना पाठवलीही असेल.

आता तुम्ही म्हणाल, अकरा माणसांनी एका शब्दाला भिऊन केवढा घोळ घातला. कबूल. पण तुम्ही हे सगळं इथवर वाचलंत, यात तो शब्द एकदाही आलेला नाही, आणि तुमचं कुठेच अडलं नाही. आज घरी गेल्यावर आईला, बहिणीला, बायकोला तपासून घ्यायला सांगा. सांगताना कोणता शब्द वापरलात, तेवढं आम्हाला कळवा. 'इतर' मध्ये दोन ओळी ठेवल्या आहेत.