पोस्टमनचा सूट

चांगल्या सिनेमाची मालिका का करू नये, या विषयावर मी सलग पंचेचाळीस मिनिटं बोलू शकतो. मध्ये पाण्याचा घोटसुद्धा लागत नाही! माझा धंदा चष्म्याचा. डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक एकदा यंत्रावर हनुवटी टेकवून बसलं की त्याला उठून जाता येत नाही. त्यामुळे गेल्या महिन्याभरात साठेक माणसांनी माझं हे मत अगदी शांतपणे ऐकून घेतलंय.

कारणही तसंच होतं. अंतराळातल्या पोस्टमनचा माझा लाडका सिनेमा! एक पोस्टमन एकच पत्र घेऊन चाळीस वर्षं एकटा प्रवास करतो, म्हातारा होतो, पत्र पोचवतो, आणि सिनेमा संपतो. पत्रात काय होतं ते कळतच नाही. मी तो तेवीस वेळा पाहिलाय आणि तेवीसही वेळा रडलोय. आता त्याची म्हणे दहा भागांची मालिका येणार!

"दोन तासांत पोचणारं पत्र हे लोक दहा भागांत पोचवणार!" रविवारी सासुरवाडीला जेवताना मी ठणकावून सांगितलं. "आणि मध्येच फोडणार! लिहून ठेवा!"

सासूबाई वाढत होत्या. सासरे खाली मान घालून ऐकत होते. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून लागला. मी पाय बाजूला घेतला आणि मुद्दा पुढे रेटला.

"आणि तो सूट! सिनेमात त्याच्या कोपराला ठिगळ होतं. सगळा एकटेपणा त्या ठिगळात दिसायचा! आता हे काय करणार? कुठल्यातरी शिंप्याला धरणार आणि चकचकीत पिशवी शिवून घेणार!"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "असं होय," एवढंच म्हणाले, हात धुतला आणि आतल्या खोलीत निघून गेले.

बायकोने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तो कुठलातरी शिंपी म्हणजे माझे बाबा आहेत."

सासऱ्यांचं शिवणाचं दुकान तीन वर्षांपूर्वी बंद पडलं. तेव्हापासून हा कसबी माणूस घरातले उशांचे अभ्रे उसवून पुन्हा पुन्हा शिवत होता. शेवटी सासूबाईंनी उशा लपवून ठेवल्या! आणि मागच्या महिन्यात त्या मालिकावाल्यांनी त्यांना शोधून काढलं आणि पोस्टमनचा सूट शिवायला दिला. जेवणं झाल्यावर ते तो मला दाखवणार होते. मला! सिनेमाचा जाणकार म्हणून!

"आणि तू पिशवी म्हणालास," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळीच सासूबाईंचा फोन. दुपारी गाडी सूट न्यायला येणार होती. सासऱ्यांनी ठरवलं होतं की सूट पाठवून द्यायचा आणि पुढचं काम नको म्हणून सांगायचं. जावई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार! बायकोने माझ्या चपला आणून माझ्यासमोर ठेवल्या.

"बाबा, मी रात्रभर विचार केला!" दारातूनच मी सुरुवात केली. "मालिका हवीच! दहा भाग म्हणजे कमीच पडतील!"

"जावईबापू," सासरे म्हणाले, "माप घेताना पोट आत ओढून धरणारी माणसं मी आयुष्यभर पाहिलीत. तुम्ही आत्ता तेच करताय."

मी पोट सोडलं. म्हणजे, गप्प बसलो.

"निदान सूट बघू तरी द्या," मी थोड्या वेळाने म्हणालो.

"हातात धरून कपड्याचं काही कळत नाही. घाला अंगात. त्या नटाचं माप तुमच्याएवढंच आहे."

घातला. पाठीमागची चेन त्यांनी मानेपर्यंत ओढली. मग कॉलर नीट जुळते का बघायला स्टुडिओने पाठवलेलं हेल्मेट माझ्या डोक्यावर बसवलं. टक् असा आवाज झाला.

झालं! हेल्मेट निघेना! त्याची कडी चेनीवरच बसत असल्यामुळे सूटही निघेना. सासऱ्यांनी ओढून पाहिलं. सासूबाईंनी ओढून पाहिलं. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा माझी उंची दोन इंचांनी वाढली असावी. श्वासापुरती भोकं होती, पण आवाज काही बाहेर जाईना. मी जीव तोडून ओरडलो, "खटका दाबा, खटका!" बाहेर ऐकू गेलं, "हूं हूं, हूं!"

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"चहा नको म्हणतायत," सासरे म्हणाले.

स्टुडिओत फोन लावला. हेल्मेट उघडायचा लोखंडी आकडा तिथे हेल्मेटवाल्याकडेच होता. तेवढ्यात गाडी आली.

"सूट द्या," ड्रायव्हर म्हणाला.

"हा घ्या. आत माणूस आहे."

ड्रायव्हरने कागद उलटसुलट करून पाहिला. "यात माणसाचं काही लिहिलेलं नाही."

बरीच घासाघीस होऊन आम्ही दोघं मागच्या सीटवर बसलो. सासरे खिडकीबाहेर बघत होते. मांडीवर घडी घातलेली मापाची टेप होती. त्या टेपकडे बघून मला एकदम भरून आलं. मी हेल्मेटच्या आतून म्हणालो, "बाबा, चुकलो मी. न बघताच बोललो. सूट अप्रतिम आहे."

"हूं, हूं हूं हूं," एवढंच बाहेर गेलं.

सासऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "दहा मिनिटं कळ काढा. पोचल्यावर आधी बाथरूम कुठे ते विचारतो."

पण पोचल्यावर काय झालं! यादीत नाव नाही म्हणून सासऱ्यांना फाटकावरच अडवलं. मला मात्र कोणी अडवेना, कारण मी पोस्टमन होतो! वॉकीटॉकीवाली एक मुलगी धावत आली. "अहो, तुम्ही इथे काय करताय? तिकडे सगळे खोळंबलेत!" तिने माझा हात धरून मला थेट सेटवर नेऊन सोडलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मी दोषच शोधले. सवय! पण ते यान… तीच अरुंद खोली, तीच डुगडुगणारी खुर्ची, तोच पोचे आलेला डबा. डब्याचा पोचासुद्धा डाव्या बाजूलाच! कोणीतरी माझ्याइतकाच वेडा माणूस इथे काम करत होता. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

"चला, ॲक्शन!" दिग्दर्शिकाबाई कर्ण्यातून ओरडल्या. "पत्र हातात घे. आता फोड!"

फोड? मी? तेवीस वेळा न फुटलेलं पत्र?

मी नाही म्हणून मान हलवायला गेलो, तर हेल्मेटमुळे कमरेपासून सगळाच हललो.

"फोड ना!"

मी पत्र छातीशी घट्ट धरलं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलो.

"कट," बाई हळूच म्हणाल्या. "काय केलंस रे हे! तालमीत तर दगडासारखा उभा होतास!"

तेवढ्यात बनियनवर, अर्धा चेहरा रंगवलेला खरा नट दारात येऊन उभा राहिला. "माझा सूट आला का?"

मग जी धावपळ उडाली! "पकडा त्याला!" म्हणून चौघं माझ्या अंगावर आले. त्यांच्या मागून फाटकवाल्याला हुलकावणी देऊन सासरे धावत आले. "थांबा! शिवण उसवेल!" आणि मग जरा आठवल्यासारखं, "आणि ते माझे जावई आहेत!"

हेल्मेटवाल्याने आकडा घातला. डोकं बाहेर येताक्षणी मी ओरडलो, "पत्र फोडायचं नाही!"

"हेच मी तीन महिने वरच्या साहेबांना सांगतेय!" दिग्दर्शिकाबाई माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. "आता हा शॉटच दाखवते त्यांना!"

त्यांनी तो दाखवला आणि पत्र बंदच राहिलं. अर्थात माझा शॉट कापून खऱ्या नटाला घेऊन तो पुन्हा केला, ते सोडा.

गडबड निवल्यावर मी कोपर वर करून पाहिलं. ठिगळ होतं! वेड्यावाकड्या टाक्यांचं, एकट्या माणसाने स्वतःच्या हाताने घातल्यासारखं.

"इतका वाईट टाका घालायला मला आठ दिवस लागले," सासरे म्हणाले. "थेटरात चार वेळा पाहिलाय मी तो सिनेमा. तुमच्या सासूबाईंना ठाऊक नाही."

"बाबा, गाडीत मी तुमची माफी मागत होतो."

"कळलं होतं मला. ड्रायव्हरसमोर जावयाने रडणं बरं दिसत नाही, म्हणून बाथरूमचं काढलं."

सासऱ्यांना त्याच दिवशी मालिकेतल्या बाकी सगळ्यांचे सूट शिवायचं काम मिळालं. मग दिग्दर्शिकाबाई माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत निरखून बघत राहिल्या. माझी छाती फुगली. एखादी छोटी भूमिका? निदान सल्लागार?

"तुम्ही दर सोमवारी याल का?" त्यांनी विचारलं. "एवढा जड सूट टांगायला आमच्याकडे हँगर नाही."

तेव्हापासून दर सोमवारी मी अंगभर टाचण्या लावून दोन तास उभा असतो. मालिकांबद्दल माझी मतं अजूनही आहेत. पण तोंड उघडलं की सासरे म्हणतात, "हलू नका जावईबापू, टोचेल!"