जगनचा कटर रेस घेत नाय

बंद पडलेल्या यंत्राभोवती किती माणसं जमतात, यावरून त्या गावाचं वैभव मोजावं, असं आमचं नम्र मत आहे. रस्ते, नळ, दिवाबत्ती हे सगळं सरकार देतं. ज्ञान मात्र गावाने स्वतःच पिकवावं लागतं. या मापाने पाहिलं तर कासू स्टेशनाच्या अलीकडली आमची वाडी फारच श्रीमंत आहे. इथे एखाद्याला एखादी गोष्ट येत नाही, असं आजवर घडलेलं नाही. (एका पोस्टमनच्या बाबतीत एकदा घडलं होतं, पण तो बाहेरचा होता आणि त्याची लगेच बदली झाली.)

या वाडीत जगन पाटलाकडे पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दात्यांची करवत आहे. गावात तिला कटर म्हणतात. हा कटर जगनच्या मुलीपेक्षा, म्हणजे मनस्वीपेक्षा, वयाने मोठा. शेजारच्या इझिकेल रोहेकरांचा चुलतभाऊ एझ्रा इस्रायलमधल्या अश्दोदहून गाव बघायला आला, तेव्हा तो कटर घेऊन आला आणि जाताना जगनला देऊन गेला. (चांगलं चालणारं यंत्र कोणी देऊन जात नाही, हा विचार जगनच्या मनाला आजतागायत शिवलेला नाही.) कटर सुरू होतो. भुर्र भुर्र गुरगुरतोही. पण रेस दिली की भ्वाँ करून जीव सोडतो. काम नसलं तर तो अगदी उत्तम चालतो.

त्या रविवारी रोह्याहून गोविंदराव म्हात्रे आपल्या मुलाला, निलेशला, घेऊन मनस्वीला बघायला आले. मनस्वीचं हे तिसरं स्थळ. आधीची दोन जगनच्या बडबडीने गेली, असं त्याची बायको गोदूबाई चारचौघांत सांगे. जगनचा जीव पोरीत अडकलेला. हे स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्याने त्या दिवशी तोंडाला कुलूप लावून फक्त कटरविषयीच बोलायचं ठरवलं. पोहे संपेपर्यंत, वडखळपासून गागोद्यापर्यंत या कटरने कुठली कुठली झाडं लोळवली, त्याचा वृत्तांत पूर्ण झाला होता. गोविंदराव तृप्त होऊन परसातल्या संडासाकडे गेले.

आणि वारा नाही, वादळ नाही, संडासाशेजारचा शेवगा कडाडकन मोडला आणि दारावर आडवा पडला. दार बाहेर उघडणारं.

"पावणे, लागलं का हो?" जगन ओरडला.

"नाय, पण दार उघडत नाय!" आतून उत्तर आलं.

शेवग्याचं लाकूड म्हणजे लाकडाच्या जातीला बट्टा. मनात आणलं तर विळीवरही चिरता येईल. गोदूबाई कोयता घेऊन आलीच. "दोन घाव घाला नि मोकळं करा त्यांना," ती म्हणाली.

"गो, अक्कल हाय का तुला? घरात कटर असताना होणाऱ्या व्याह्यांना कोयत्यानं सोडवू? लोक काय म्हणतील?"

कोयता बाजूला ठेवण्यात आला. कटर आला. दोरी ओढली. भुर्र. रेस दिली. भ्वाँ.

आवाज ऐकून माणसं जमू लागली. मिठागरावरून आली, रिक्षा थांबवून आली, एक जण तर जेवता जेवता खरकट्या हाताने आला. अशा वेळी आमच्याकडे तपासणीची एक ठरीव पद्धत आहे. ती देशभर लागू व्हावी इतक्या योग्यतेची असल्याने खाली देत आहोत.

१. आलेल्याने प्रथम "कोणी हात लावला रे याला?" असं विचारावं.
२. कार्बोरेटरचा स्क्रू थोडासा फिरवावा. थोडासा म्हणजे किती, हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जातं.
३. आधीच्याने फिरवलेला स्क्रू पुन्हा जागेवर आणू नये. त्याने त्या माणसाचा अपमान होतो.
४. "आता मार," म्हणावं.
५. कटर बंद पडल्यावर "बघ, मी बोललो व्हतो," म्हणावं. काय बोललो होतो, ते सांगण्याचं बंधन नाही.

उपस्थितांपैकी बेचाळीस टक्के प्लगवादी होते, पस्तीस टक्के कार्बोरेटरवादी, आणि एकतीस टक्के "पेट्रोलात ऑइल कमी पडलंय" या मताचे. (बेरीज शंभराच्या वर जाते, कारण जाणती माणसं दोन्ही बाजूंनी बोलतात.) प्लग काढला, पँटला पुसला, फुंकला, परत लावला. एअर फिल्टर काढून दगडावर आपटला. त्यातून थोडा भुसा आणि एक मुंगळा निघाला. चौकशीअंती दोघांनाही निर्दोष सोडण्यात आलं.

"मी आवाजावरनं सांगतो," संडासातून गोविंदराव ओरडले, "ऑइल कमी नाय, जास्त झालंय!" गोविंदरावांनी केमिकल कंपनीत तीस वर्षं काढली होती. (कँटीनमध्ये, पण कंपनीतच.)

जगनला भरून आलं. अशा जागेवरून माणूस सल्ला देतो, म्हणजे तो आपल्याला घरचा मानतो. "सोयरीक जमली गो," तो गोदूबाईच्या कानाशी लागून म्हणाला.

एवढ्यात इझिकेल रोहेकर एक पुस्तिका घेऊन आले. एझ्राने कटरसोबत ठेवलेली, म्हणून त्यांनी ती आजवर जपली होती. पुस्तिका हिब्रूत. इझिकेलकाकांना हिब्रू अक्षरं वाचता येतात. अर्थ येत नाही, पण प्रार्थनेत त्यावाचून कधी अडलं नव्हतं. त्यांनी डोक्यावर टोपी चढवली आणि त्यांना येणाऱ्या एकमेव, प्रार्थनेच्या चालीत पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. लोकांनी चपला काढल्या. बायकांनी पदर सावरले. आतून गोविंदरावांनीही हात जोडल्याचा भास झाला. चौथं पान संपताच दोरी ओढली, आणि काय सांगावं, कटर नेहमीपेक्षा थोडा जास्त गुरगुरला आणि मग गेला.

काकांनी पानांचे फोटो आपल्या पुतणीला, शीराला, अश्दोदला पाठवले. तिचा उलट आवाजी निरोप आला, तो सर्वांसमक्ष मोठ्याने वाजवण्यात आला. "काका, हे वॉशिंग मशीनचं पुस्तक आहे. जास्त कपडे भरू नका, असं लिहिलंय."

सभा क्षणभर विचारात पडली. मग एक जण म्हणाला, "वॉशिंग मशीन म्हणजे पाणी. म्हणजे पेट्रोलात पाणी गेलंय. बरोबर हाय पुस्तकात." टाकी रिकामी करण्यात आली.

शेवटी जगनने कटर निलेशपुढे धरला. हा मान असतो, वाटेल त्याला मिळत नाही. "जावईबापू, तुम्ही बघा."

निलेश कंपनीत ऑपरेटर. शिफ्टला उभा राहिला की घराएवढी यंत्रं सांभाळतो. त्याने कटरकडे नीट पाहिलं आणि सरळ सांगितलं, "काका, मला यातलं काय कळत नाय."

एक म्हातारा मटकन खाली बसला. "पोरगा आजारी हाय का?" कोणीतरी हळूच विचारलं. जगनने कटर पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला. पोर द्यायची ती अशा घरात? उद्या मिक्सर बंद पडला, तर हा काय तो उचलून दुकानात नेणार?

"निल्या, काय बोललास रे हे!" आतून गोविंदरावांचा रडवेला आवाज आला. मग खडबड झाली. छपराचा सिमेंटचा पत्रा बाजूला सरकला, त्यातून गोविंदराव वर आले, आडव्या शेवग्यावरून घसरत उतरले, गर्दी सारून पुढे घुसले आणि "पोराचं मनावर घेऊ नका," म्हणत त्यांनी स्क्रू डावीकडे फिरवला. बापाचं काळीज, दुसरं काय!

"डावीकडं नाय हो, उजवीकडं!" असा एकच गिल्ला झाला. त्या गडबडीत पाहुणे बाहेर आले आहेत, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. खुद्द गोविंदरावांच्याही नाही.

निलेश मात्र इकडे कोयता शोधत होता. तो मनस्वीने त्याच्यापुढे धरला. "चालवता येतो?" तिने विचारलं.

"थोडाफार."

"मग तुम्ही फांदी धरा, मी मारते."

दोन घावांत शेवगा तुटला. तिसरा घाव मनस्वीने उगाच, रागाने घातला. दार उघडलं. आत कोणी नाही.

"पप्पा!" निलेशने हंबरडा फोडला.

सगळे धावले. माणूस गेला कुठे? कोणी टाकीत डोकावलं, कोणी १०८ ला फोन लावला. "अरे, माणूस अडकलाय नि तुम्ही कटर काय खेळता!" असं सर्वांत मोठ्याने ओरडत होते ते गोविंदराव. निलेशने येऊन त्यांना मिठी मारली, तेव्हा कुठे शोधकार्य थांबलं.

मग जगनने घसा खाकरला. "पावणे, माणसं तुम्ही सोन्यासारखी. पण पोरगा..." गोविंदरावांनी मान खाली घातली. "आमच्या घराण्यात असं कोणी नाय हो," ते म्हणाले.

"बाबा, मला हाच पायजे," मनस्वी म्हणाली.

"गो, पण त्याला..."

"व्हय, त्याला कळत नाय, आणि तो तसं सांगतो! तुम्ही पंखा नीट केलात, तो आता उलटा फिरतो. फ्रीज नीट केलात, त्यात आई पापड ठेवते. टीव्ही आम्ही चार वर्षं नुसता ऐकतोय. कोणी कधी बोललं का, की नाय जमत, चल दुकानात नेऊ?" तिने मनगटाने डोळे पुसले. "मी दमले बाबा या घरातल्या हुशारीला."

जगनने तोंड उघडलं. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी त्याला सोसवत नव्हतं. "मला... मला काय..." इथपर्यंत तो शौर्याने आला, आणि पुढे त्याला खोकला लागला. "बघू," तो म्हणाला. (आमच्याकडे बाप ‘बघू’ म्हणाला की आईने साखर वाटायची असते.) गोदूबाईने साखर वाटली.

लग्न ठरलं. पण त्याचा तुम्हाला आनंद झाला असेल, असं मानण्याइतके आम्ही भोळे नाही. एक माणूस संडासात कोंडलेला, एका पोरीचं लग्न मोडायला आलेलं, आणि तुम्ही मात्र केव्हापासून मनातल्या मनात ओरडताय, "अहो, सायलेन्सर बघा, सायलेन्सर!"

तर कटरला खरोखर काय झालं होतं? तुम्ही तो पाहिलेला नाही, त्याला हात लावलेला नाही. तेव्हा एकदा मोठ्याने म्हणा पाहू, "मला ठाऊक नाही."

आधी घरातलं कोणी ऐकत नाही ना, हे मान वळवून बघितलंत. चालायचंच.