मोगऱ्याच्या कुंडीतलं टायर

बायांनो, आता सांगते ते अक्षर न् अक्षर खरं! खोटं निघालं तर माझ्या ताटातली भाकर कडू होऊ दे, नाकावरचा चष्मा जागीच फुटू दे! सुरतेत उधन्याच्या मिलमध्ये बावीस वर्षं मी साड्यांचं चेकिंग केलंय. साडी एका लॉटची आणि ब्लाउजपीस दुसऱ्या लॉटचं, असा बेजोड माल माझ्या टेबलावरून सुटलाय? एकदाही नाही! मी तर डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायची!

अशा माझ्या नजरेला शनिवारी दुपारी काय दिसावं? नातीच्या सायकलला पुढे एक टायर आणि मागे भलतंच!

नात म्हणजे नूतन. डोंगरातून सायकल पळवते. रविवारी डांगच्या जंगलात तिची शर्यत होती. आणि माझ्या मुलानं, वाल्मिकनं, तिला बजावलेलं, "पहिल्या पाचात आलीस तर ठीक. नाही तर सायकल माळ्यावर आणि तू बँकेच्या परीक्षेच्या क्लासला!" तेव्हापासून पोरगी जेवतानासुद्धा टायरच चावायची. "आजी, चिखल असला तर उंच दातांचं टायर. कोरड्या कडक वाटेला बुटक्या दातांचं, ते भरभर पळतं. डुमसच्या समुद्रकाठी वाळूत रुंद टायर, त्यात हवा कमी." मी सगळं पाठ केलं. भाजीवाल्यालासुद्धा शिकवलं!

पण पुढे एक आणि मागे एक? असं ती कधीच बोलली नव्हती! पुढच्याचे दात मगरीसारखे. मागच्याचे माझ्यासारखे, असून नसल्यासारखे!

कुणीतरी मागचं बदललं होतं. पण कुणी?

समोरच्या गॅलरीत पाहिलं, तर सुकलालभाऊ मोगऱ्याला पाणी घालत होते. माझ्याच मिलमधला रिटायर माणूस. आणि कुंडीभोवती काय? मगरीच्या दातांचं टायर! पुढच्याशी हुबेहूब जुळणारं! वरून गेरूही फासलेला. माल ओळखू येऊ नये म्हणून, दुसरं काय?

मी अगदी सहज विचारलं, "भाऊ, मोगरा लई फुललाय. हे टायर कुठलं हो?"

"नूतननं दिलं. म्हणे, आता वाट कोरडी, हे लागत नाही."

"अस्सं!"

"चहा घेता का?"

पाहिलंत? मनात काळं असल्याशिवाय कोणी भर दुपारी चहा विचारतं? नूतन कॉलेजात प्रॅक्टिकलला गेलेली. फोन लावला, तर बंद. किती बेत आखून वेळ साधली होती मेल्यानं!

भाऊ दूध आणायला गेले तशी मी त्यांच्या गॅलरीत गेले, कुंडी उचलली, टायर काखेत मारलं आणि सायकल ढकलत नाक्यावर लोटूच्या दुकानात. लोटू पंक्चर काढत बसलेला.

"मावशी, हे मुद्दाम असं लावलंय. पुढच्या चाकाला पकड पाहिजे, मागच्याला पळ पाहिजे. सगळेच असं लावतात."

"सगळे म्हणजे कोण? तू आणि सुकलाल?"

"मी कशाला..."

"तुलाही चहा पाजला वाटतं!"

"मावशी, पोरीला विचारलं का?"

"मी तिच्या बापाला जन्म दिलाय. तू लाव!"

लोटूनं लावलं. बुटक्या दातांचं नकली टायर मी मोगऱ्याभोवती घातलं आणि घरात कुणालाच बोलले नाही. चोर सावध होईल ना! सायकलीला माझी जुनी साडी गुंडाळली.

"आजी, साडी कशाला?" नूतन.

"नजर लागते. तिथं गेल्यावरच सोड."

पहाटे टेम्पो निघाला. सुकलालभाऊंना मीच आग्रहानं बसवलं. संशयित माणूस डोळ्यासमोर असलेला बरा!

डांगला पोचलो. वाट पापडासारखी कोरडी. नूतननं साडी सोडली आणि किंचाळली, "मागे चिखलाचं टायर कुणी लावलं? माझं कुठंय?"

मी शेजारच्या सायकलींकडे पाहिलं. चाळीस सायकली रांगेत उभ्या आणि एकीचीही जोड जुळेना! आधी वाटलं, सुकलालनं सगळ्यांचीच चोरली. मग लोटू आठवला. 'सगळेच असं लावतात' म्हणाला होता मेला!

दुसरं टायर उधन्यात, मोगऱ्याभोवती. काय करणार? पोरगी तशीच निघाली. मागचं टायर वाटेला असं चिकटून घरघरायचं, जणू पाठीमागे गिरणीच बांधलीय! चढावर तर उभं राहून पायडल मारत होती. तरी आली. सहावी! पाचवीच्या आणि तिच्या मधे माझी वेणीसुद्धा मावली नसती.

"सहावी," वाल्मिक म्हणाला. "संपलं."

"पप्पा, टायर बदललं होतं कुणीतरी!" नूतनच्या डोळ्यांतून धारा.

"कुणी?"

मला अचानक सागाची झाडं फार आवडायला लागली. वरच्या पानापासून एकेक बघत होते.

सुकलालभाऊ वाकले. मागच्या टायरवरचा गेरू बोटानं पुसला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी. मले वाटनं, दोन्ही चाकं सारखीच पाहिजेत."

"काका, तुम्ही?" वाल्मिक म्हणाला. मोठ्या माणसाला बोलणार काय? "मग पोरीची काय चूक..."

"तेच सांगतो. तिले अजून एक शर्यत दे."

वाल्मिकनं डोकं खाजवलं. "बरं. पुढच्या शर्यतीपर्यंत सायकल खालीच राहील." नूतननं भाऊंचा जो हात धरला, तो टेम्पोत बसेपर्यंत सोडला नाही. चूक कबूल केली म्हणून! आणि मी? मी साडीची घडी घालत होते. चार वेळा घातली.

परतताना भाऊ हळूच म्हणाले, "प्रमिलाबाई, माझ्या मोगऱ्याले नवंकोरं टायर शोभतं हां."

"तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

"सवय आहे."

तर बायांनो, सगळं खरं सांगितलं. फक्त ते सुरुवातीचं 'एकदाही नाही', तेवढं जरा फुगवून सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या टेबलावरून अख्खा लॉट सुटला होता. साड्या हिरव्या आणि ब्लाउजपीस शेंदरी! शेठनं विचारलं, कुणी पास केलं? तेव्हा शेजारच्या टेबलावरून एक जण पुढे झाला. "मी," म्हणाला.

सुकलालच. आणि मला तेव्हाच संशय आला होता, ह्या माणसाला माझं टेबल हवंय!