प्री-कॅल्क्युलस आणि टिशूचा खोका

कुठल्याही मोठ्या गोष्टीआधी पूर्वतयारी लागते, आणि पूर्वतयारी नीट झाली की माणूस इतका दमतो की मूळ गोष्टीची गरजच उरत नाही. याच थोर तत्त्वावर आमच्या ओहायोतल्या हायस्कुलात प्री-कॅल्क्युलसचा, म्हणजे कॅल्क्युलसच्या पूर्वतयारीच्या गणिताचा, तास चालतो. तो मीच घेतो, तेव्हा नव्या पालकांनी काय अपेक्षा ठेवावी हेही मीच सांगितलेलं बरं.

पाहणीनुसार (पाहणीही मीच केली) तासाला निम्मी मुलं मान डोलावतात, एक तृतीयांश खिडकीतून फुटबॉलचं मैदान बघतात आणि उरलेली पाव बाथरूमला जायचा पास मागतात. हे आकडे मी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवलेत. पालक आले की कौतुकानं बघतात.

‘हे आयुष्यात कुठं उपयोगी पडतं?’ हा प्रश्न सप्टेंबरात एकदा विचारू दिला जातो. उत्तर मी जुलैत देतो. तेव्हा शाळेला सुट्टी असते.

गुणांची पद्धत मात्र अत्यंत न्याय्य. शाळा टिशूपेपर पुरवत नाही आणि पोरांना सर्दी तर होतेच. म्हणून जो टिशूचा खोका आणेल त्याला जादा गुण. ट्रेंट डूलीला साइन आणि कोसाइन या चुलतबहिणी वाटतात, पण त्याच्या बापाचं किराणा दुकान आहे. त्याला शंभरपैकी एकशे आठ पडले. (असा विद्यार्थी क्वचितच लाभतो.)

नॅडीन कोझाक मात्र हट्टी. तिला पूल बांधायचे होते. इंजिनिअरिंग कॉलेजनं जागा देऊ केली होती, अट एकच: माझ्या विषयात ‘बी’ हवा. आणि तिला नेमका एक गुण कमी पडत होता.

मी मायेनं म्हणालो, “अगं, एक खोका आण की! विषय संपला.”

“खोका कशाला, सर? मी तुमची चूक काढलीय, तिचा गुण द्या.”

“माझी चूक?”

“फळ्यावरच्या त्या पाहणीत. निम्मी, एक तृतीयांश आणि वर पाव? बेरीज एकाच्या पुढं जाते, सर. वर्गात नाहीत तेवढी पोरं आणलीत कुठून?”

मागून ट्रेंट ओरडला, “ए बाई, बस ना खाली! जेवायची सुट्टी होतेय!”

वर्ग हसला. मी शांतपणे समजावलं, की अपूर्णांकांची बेरीज पाचवीला असते. ती आमच्या अभ्यासक्रमात नाही, सबब गुण देता येत नाही. पोरीचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मी लगेच टिशू पुढे केला. (ट्रेंटच्या खोक्यातला.)

नॅडीनची जागा गेली. ती ट्रेंटला मिळाली.

तर पालकहो, ती पाहणी मघाशी तुम्हीही वाचलीत. चांगली शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, पण एकाचाही हात वर आला नाही. मान डोलावलीत आणि पुढं गेलात. शाब्बास, तुम्हाला ‘ए’. आपल्या नदीवरचा नवा पूल ट्रेंट बांधणार आहे. उद्घाटनाला सहकुटुंब या, आणि गाडी घेऊन या.